कायदा आधी वाचा, मग वाद घाला



जादूटोणाविरोधी कायद्यावरचे गेल्या अंकातले पत्र वाचले. ‘उद्या वारीवरही बंदी येईल’ हे त्यातले मुख्य विधान. पण वारी, कीर्तन, प्रवचन, भजन, हरिपाठ, प्रदक्षिणा यांना हा कायदा लागू नाही, असे २०१३ च्या त्या कायद्यातच स्पष्ट लिहिले आहे. कायद्यात जे नाही ते आधी त्याच्या माथी मारायचे आणि मग तेच खोडून काढायचे, याला प्रतिवाद म्हणता येत नाही. शिवाय ‘फक्त आमचाच धर्म का?’ हा प्रश्नही गैरलागू आहे. कायदा कृत्य पाहतो, करणाऱ्याचा धर्म नव्हे.

पत्रातला साप चावलेल्या माणसाचा दाखला मात्र मला जास्त धोक्याचा वाटतो. मांत्रिकाकडे नेला, बरा झाला, म्हणून मंत्राचा गुण! आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी आहेत. विषारी साप चावला तरी दर वेळी विष अंगात उतरतेच असे नाही. ही माणसे मंत्राविनाही वाचली असती. नाग किंवा घोणस चावून ज्याच्या अंगात विष भिनले, त्याला प्रतिविषच लागते, आणि तेही वेळेत. मांत्रिकाच्या दारात वेळ गेल्याने जे दगावले, त्यांचे दाखले कोणी पत्रात देत नाही. म्हणूनच सर्पदंशावर उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा या कायद्याने गुन्हा ठरवला आहे. पत्रलेखकांचा याच तरतुदीला विरोध आहे का, हे त्यांनी स्पष्ट लिहावे.

– एक वाचक, सातारा