वरळीच्या फितींची यादी जाहीर करा

माननीय अध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी अधिकारी,
प्रसार भारती, यांस



मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि आपण ‘रामायण’ पुन्हा दाखवलंत. घरोघर ते पाहिलं गेलं. दाखवता आलं, कारण मालिका बाहेरच्या निर्मात्याची होती आणि तिच्या प्रती शाबूत होत्या. वरळीचं आपलं मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं. तिथल्या पगारी माणसांनी केंद्राच्याच स्टुडिओत ‘गजरा’, ‘ज्ञानदीप’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, ‘आमची माती आमची माणसं’ असे कार्यक्रम केले. त्यातलं असं सलग किती दाखवता येईल? जाहिरातदारांच्या पैशातून झालेलं टिकावं आणि जनतेच्या पैशातून झालेलं विरून जावं, हा हिशेब पचत नाही.

फिती पुसल्या गेल्या, याचा राग नाही. चित्रफीत तेव्हा महाग होती आणि परदेशातून येई. पाटी पुसावी तशी ती पुसून पुन्हा वापरत. बीबीसीनेही हेच केलं. ‘डॉक्टर हू’चे साठच्या दशकातले नव्वदहून अधिक भाग आजही बेपत्ता आहेत. पण कोणते, ते त्या मालिकेच्या चाहत्यांना तोंडपाठ आहे. म्हणूनच 2013 मध्ये नायजेरियातल्या एका केंद्रात पडलेले डबे उघडले तेव्हा नऊ हरवलेले भाग हाती आले, हे लगेच कळलं. काय हरवलंय हे ठाऊक असेल तर शोधणारे निघतात.

आपल्याकडे ‘चिमणराव’ मालिकेचे नेमके किती भाग उरलेत? तिच्या मूळ कथांचे लेखक चिं. वि. जोशी 1963 मध्ये गेले. प्रताधिकाराची साठ वर्षांची मुदत संपून त्यांच्या कथा 2024 पासून सर्वांना खुल्या झाल्या. मालिकेचा मात्र साधा ताळेबंदही प्रेक्षकाच्या हाती नाही.

घाई का, तेही सांगतो. फितीवरचा चुंबकीय भुकटीचा थर ज्या गोंदाने धरलेला असतो तो हवेतला ओलावा शोषतो आणि चिकट होतो. अशी फीत यंत्रावर चढवली की थर सुटून हेडवर बसतो, आणि चित्र कायमचं जातं. काही फिती पन्नासेक अंशांवर तासन् तास भाजल्या तर थोडे दिवस चालतात. तेवढ्यात नक्कल करून घ्यावी लागते. त्यासाठी जुनी यंत्रं लागतात, आणि ती आता कुणी बनवत नाही. वरळीची खारी, दमट हवा काही सवलत देणार नाही. सरकारने 1972 मध्ये प्रसारित केलेल्या कार्यक्रमावरचा प्रताधिकार 2033 च्या आरंभी संपेल; तोवर फीत थांबेलच असं नाही.

आपल्या 1990 च्या कायद्यातल्या कलम 12 मध्ये दूरचित्रवाणी साहित्याचं ग्रंथालय उभारून सांभाळण्याचा उल्लेख आहे. शिवाय प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं न्या. पी. बी. सावंत यांचा समावेश असलेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या पीठाने फेब्रुवारी 1995 मध्येच सांगितलं. लहरी आमच्या, तर त्यांवरून काय गेलं याची नोंद मागायला अर्ज-विनंत्या कशाला?

आपलं संग्रहालय यूट्यूबवर काही काही टाकत असतं, नोव्हेंबर 2024 पासून ‘वेव्हज’ हा आपला ओटीटी मंचही आहे. मौज म्हणून ठीक. पण निवडक गोड तुकडे म्हणजे यादी नव्हे. कार्यक्रमाचं नाव, प्रसारणाची तारीख, फितीचा प्रकार आणि तिची आजची अवस्था, एवढे रकाने पुरेत. ‘पुसली’ असा शेराही त्यात येऊ द्या. त्याने कुणाची नाचक्की होत नाही. चित्रपट जपण्याचा अनुभव असलेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात आहे. तिथली माणसं बोलवा.

आणि ऐंशीच्या दशकात ज्यांनी घरच्या व्हीसीआरवर कार्यक्रम उतरवून घेतले, त्यांच्याकडून कॅसेटी घ्यायची एक खिडकी वरळीत उघडा. नक्कल करून मूळ कॅसेट परत द्या, आणि वेष्टनावर पोच लिहून द्या. यादी आधी निघाली तर काय आणायचं ते लोकांना कळेल.

आपला,
मुंबई केंद्राचा एक जुना प्रेक्षक