पहिली परावर्ती दुर्बीण निवडताना

फोटो काढायचे नाहीत, आकाश डोळ्यांनीच पाहायचे, असे ठरवणाऱ्या नवख्याने परावर्ती दुर्बीण घ्यावी, याबद्दल फारसे दुमत नाही. त्याच पैशात भिंगापेक्षा मोठा आरसा मिळतो. मतभेद आहेत ते बैठकीबद्दल आणि आरशाच्या आकाराबद्दल.

विषुववृत्तीय बैठकीचा आग्रह धरणाऱ्यांचे म्हणणे वजनदार आहे. तिचा अक्ष ध्रुवाकडे रोखला की एकच खुंटी हळूहळू फिरवून शनी नजरेत धरून ठेवता येतो. आकाश कसे फिरते, हे शिकणाऱ्याच्या हातालाच कळते. पुढे मोटर जोडण्याचीही सोय राहते.

दुसरीकडे, जॉन डॉब्सन यांनी अमेरिकेत लोकप्रिय केलेली साधी लाकडी बैठक फक्त वर-खाली आणि आडवी फिरते, त्यामुळे ती पहिल्याच रात्री वापरता येते. महाराष्ट्रात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १६ ते २२ अंशांवर असतो आणि शहरात तो बहुधा इमारतींआड जातो. शिवाय स्वस्त विषुववृत्तीय तिपाई फोकस करताना थरथरते. अर्थात डॉब्सोनियनचीही किंमत मोजावी लागते: १२० पट वर्धनाला ग्रह दीडेक मिनिटात दृष्टिक्षेत्र ओलांडतो आणि नळी सतत हाताने सरकवावी लागते.

आकाराचा प्रश्नही एकतर्फी नाही. १५० मिमीचा आरसा ११४ मिमीच्या आरशापेक्षा जवळपास पावणेदोन पट प्रकाश गोळा करतो. मृगातला तेजोमेघ अधिक पसरलेला दिसतो, आणि अंधाऱ्या आकाशात एम १३ या गुच्छाच्या कडेचे तारे सुटे होऊ लागतात. मात्र एफ/८ची, म्हणजे आरशाच्या व्यासाच्या आठपट नाभीय अंतराची, ही नळी सुमारे चार फूट लांब असते आणि बैठकीसह वजन १५ किलोंच्या आसपास जाते. १३० मिमीची टेबलावर ठेवायची दुर्बीण पिशवीत मावते आणि मुंबईहून लोकलने वांगणीला आकाशदर्शनासाठी नेता येते. पण तिला स्थिर स्टूल लागते, आणि ती सहसा एफ/५ असल्याने कॉलिमेशन, म्हणजे आरशांची जुळणी, अधिक काटेकोर ठेवावी लागते.

दोन्ही बाजू तोलल्यावर आमचा कल १५० मिमी, एफ/८ डॉब्सोनियनकडे आहे. स्थिरता, प्रकाश आणि सोपेपणा यांचा मेळ तिच्यात सर्वांत चांगला बसतो. लिफ्ट नसलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने मात्र १३० मिमीचीच घ्यावी, कारण घराबाहेर न निघणारा मोठा आरसा निरुपयोगी ठरतो. खोक्यावर छापलेल्या ६७५ पट वर्धनाला कोणीही भुलू नये. १५० मिमीच्या आरशाची उपयुक्त मर्यादा ३०० पटींच्या आसपास आहे, आणि तीही हवा शांत असेल तेव्हाच.

पैसे देण्यापूर्वी पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था किंवा मुंबईचे खगोल मंडळ यांच्या आकाशदर्शनाला एकदा जा, दोन्ही प्रकारच्या दुर्बिणींतून पाहा आणि मगच निवड करा.