इको-फ्रेंडली पाळणाघर म्हणजे नक्की काय? लाकडी खेळणी ठेवली की झालं?

इन्स्टाग्रामवर 'इको-फ्रेंडली डेकेअर' शोधलं की साधारण एकसारखेच फोटो दिसतात. फिकट रंगाच्या भिंती, लाकडी ठोकळे, वेताच्या टोपल्या, कोपऱ्यात मनी प्लांट. बघायला छान वाटतं. खाली पालकांच्या कमेंट्स असतात, "फी किती?"

पण ही पाटी लावायला कुणाची परवानगी लागते का? आणि लावल्यावर ती खरी आहे की नाही, हे कोण तपासतं?

घरगुती पाळणाघरापुरतं उत्तर सोपं आहे. कुणीच नाही.

कायदा आहे, पण घरच्या पाळणाघराला नाही

२०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय देणं बंधनकारक झालं. आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटता येईल, हेही त्यात आलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ५० ची अट आहे. या पाळणाघरांसाठी केंद्रानं २०१८ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. दुसरीकडे सरकारची 'पाळणा' योजना आहे, ६ महिने ते ६ वर्षांच्या मुलांसाठी.

या दोन्हींच्या मधे राहतं ते सोसायटीतल्या काकूंचं पाळणाघर. वन बीएचकेचा हॉल, सात-आठ मुलं, एक मावशी. शहरात नोकरी करणाऱ्या बहुतेक आयांना जवळचा आणि परवडणारा पर्याय हाच असतो. गुमास्ता आणि सोसायटीची संमती यापलीकडे तिथे कुणी फारसं काही विचारत नाही.

नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण झाल्याचं सीसीटीव्ही फुटेज समोर आलं आणि राज्यभर संताप उसळला. त्यानंतर पालक पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा विचारायला लागले. ते बरोबरच आहे. पण कॅमेऱ्यात मारहाण दिसते, भिंतीच्या रंगातलं शिसं दिसत नाही.

आधी भिंत बघा, मग खेळणी

रांगणारं मूल जमिनीवरची धूळ हाताला लावतं आणि हात तोंडात घालतं. जुन्या रंगाचे पोपडे निघत असतील तर त्या धुळीत शिसं असू शकतं. शिशाचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो आणि त्याची कुठलीही पातळी सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात काळजी करावी इतकं शिसं आहे.

भारतात घरगुती रंगांमध्ये शिशाची मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग. हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधी रंगवलेल्या आणि आता पोपडे धरलेल्या घरात पाळणाघर सुरू होत असेल, तर पहिला खर्च भिंतींवर व्हायला हवा. तोही मुलं घरात नसताना, आणि जुना रंग कोरडा न घासता. घासला की तीच धूळ घरभर होते.

खेळण्यांचंही तसंच. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, नोंदणीकृत कारागिरांच्या हस्तकलेला मात्र त्यातून सूट आहे. म्हणजे लाकडी खेळणं दिसलं की डोळे झाकून 'नैसर्गिक' समजायचं कारण नाही. सावंतवाडीची खेळणी सुंदरच असतात, पण तोंडात घालणाऱ्या मुलासाठी घेताना रंग कुठला आहे हे विक्रेत्याला विचारायला हवं. शेजाऱ्यांनी दिलेल्या जुन्या, रंग उडालेल्या गाड्याही बाजूला काढाव्यात. जुनं वापरणं पर्यावरणाला चांगलं, पण इथे अपवाद करावा लागतो. त्यापेक्षा स्टीलच्या वाट्या, पळ्या आणि डबे बरे. मुलांना ते जास्त आवडतात, हे प्रत्येक आजीला माहीत आहे.

कॉइल बंद, जाळी लावा

संध्याकाळी खिडक्या बंद करून डासांची कॉइल लावायची सवय अजून बऱ्याच घरांत आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चीन आणि मलेशियातल्या कॉइल तपासल्या गेल्या. एक कॉइल जळताना निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. बंद खोलीत आठ मुलं झोपलेली असताना हा आकडा लक्षात ठेवावा. खिडक्यांना जाळी, झोपताना मच्छरदाणी आणि कुंड्यांखाली साचलेलं पाणी काढून टाकणं, हे उपाय जुने आणि स्वस्त आहेत. सुगंधी धूप आणि उदबत्तीही मुलं घरी गेल्यावर.

आणि आता डायपर

खरा पेच इथे आहे.

समजा, दोन वर्षांखालची सहा मुलं आहेत आणि प्रत्येकाला दिवसात चार डायपर लागतात. रोजचे २४ झाले. महिन्याचे २५ दिवस धरले तर ६००. एका हॉलमधून ६०० डायपर घंटागाडीत जातात. नियमांनुसार हा सॅनिटरी कचरा आहे, तो गुंडाळून वेगळा द्यायचा असतो. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेनं असा कचरा कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढण्याचं आवाहन केलं होतं, कारण तो उघडा आला की कचरा वेचणाऱ्या बाईच्या हाताला लागतो.

मग कापडी लंगोट का नाही? ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेनं २००८ मध्ये दोन्हींचा हिशोब मांडला होता. मशीन पूर्ण भरून धुतलं, पाणी फार गरम केलं नाही, दोरीवर वाळवलं आणि तेच लंगोट दुसऱ्या मुलालाही वापरले, तर कापडी लंगोटांचं कार्बन उत्सर्जन सुमारे ४० टक्क्यांनी घटतं. ड्रायर लावला की हा फायदा निघून जातो. आपल्याकडे ड्रायर क्वचितच असतो, ऊन मात्र भरपूर. आठ महिने तरी. जुलैमध्ये मुंबईत किंवा कोकणात लंगोट दोन-दोन दिवस वाळत नाहीत, आणि दमट कापडानं बाळाला पुरळ येतं.

शिवाय कापडी लंगोट लवकर बदलावे लागतात. सहा मुलांचे दिवसाला तीस-चाळीस सहज होतात. ते धुणार कोण? इन्स्टाग्रामच्या फोटोत ती मावशी नसते. तिचा पगार तोच, मुलंही तितकीच, वर धुण्याचा ढीग. ती मोरीत असेल तेव्हा हॉलमध्ये मुलांजवळ कोण, हा तर सुरक्षेचाच प्रश्न आहे.

त्यामुळे पूर्ण कापडी करण्याचा हट्ट घरगुती पाळणाघराला झेपणारा नाही. ऑक्टोबर ते मे कापडी, पावसाळ्यात आणि दुपारच्या झोपेला डायपर, असा मधला मार्ग जमू शकतो. वापरलेले लंगोट झाकणाच्या डब्यात जमवून पालकांनी घरी नेऊन धुवायचे, हेही सुरुवातीलाच ठरवता येतं. ठरलेल्या वेळी मुलांना शी-शूला बसवायची जुनी सवय लावली तर लंगोट आणि डायपर दोन्ही कमी लागतात. त्यालाही माणूस आणि वेळ लागतो.

म्हणूनच अशा पाळणाघराची फी विचारताना पालकांनी सोबत आणखी एक गोष्ट विचारावी, मुलं किती आणि त्यांच्यासाठी मावश्या किती. आणि सुरू करणाऱ्यांनी बजेट मांडताना ठोकळ्यांच्या आधी धुण्यासाठी अर्ध्या दिवसाच्या बाईचा पगार लिहावा. तो फीमध्ये बसत नसेल, तर पाटीवर नुसतं 'पाळणाघर' लिहिलेलं बरं.