आतलं नेटवर्क, घरचंच?

शनिवारी करकंबला आलोय. इथं दार दिवसभर उघडं, पण कपाटाला कुलूप असतंच. आपण इंजिनिअर मंडळी उलटं करतो. बाहेर जाडजूड फायरवॉल, आत सगळं रामभरोसे! "आतलंच नेटवर्क आहे हो..."

स्टोरेज क्लस्टरचे सर्व्हर बीजीपीने स्वतःच रूट जाहीर करत असतील, तर एकाने चुकून दुसऱ्याचा पत्ता सांगितला की ट्रॅफिक तिकडे वळणार. फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तान टेलिकॉमच्या अशाच रूटने यूट्यूब जगात बऱ्याच ठिकाणी दोनेक तास बंद पाडलं. कारण वरच्या पीसीसीडब्ल्यूने तो रूट गाळलाच नाही.

म्हणून स्विचवर प्रीफिक्स फिल्टर लावा. ज्याचा पत्ता, त्यानेच सांगावा. आणि सेफ नुसतं नावाने 'सेफ' आहे! नोड्समधलं ट्रॅफिक डिफॉल्टला एन्क्रिप्ट होत नाही. २०१९ पासून 'सिक्युअर' मोड आहे, तो लावा. वेग थोडा जाईल, जाऊ दे. डेटा आपला नाही, लोकांचा आहे.