बेडमधला पीळ

वेल्हे तालुक्यात सपाट जागा मिळत नाही, ती करावी लागते. उताराच्या वरच्या अंगाला खोदायचे, निघालेला मुरूम खालच्या अंगाला टाकायचा, दगडी जोत्याने तो अडवायचा आणि वर घर उभे करायचे. तोरणा-राजगडच्या पायथ्याला त्यामुळे कितीतरी घरे अर्धी कातळावर आणि अर्धी भरावावर उभी असतात. राहणाऱ्याला त्याचे काही वाटत नाही. भिंतीला गेलेली चीर दिवाळीच्या रंगात बुजून जाते. त्याच घराच्या पडवीत किंवा रिकाम्या गोठ्यात साडेचार फुटी लेथ आणून बसवला, हेडस्टॉक कातळाकडे आणि टेलस्टॉक भरावाकडे आला, की मात्र गोष्ट वेगळी. भराव कधीच सगळीकडून सारखा बसत नाही. दोन पावसाळ्यांत टेलस्टॉककडचा एक कोपरा जरा जास्त खचतो आणि चकमध्ये धरून काढलेला प्रत्येक जॉब टेपर येऊ लागतो.

या तालुक्याचे नाव कागदोपत्री आता राजगड झाले आहे. इथून आणि शेजारच्या भोरमधून शिरवळ, खेड शिवापूर, नसरापूरच्या कारखान्यांत कामाला जाणारी माणसे कमी नाहीत. हाताला मायक्रोमीटरची सवय झालेला टर्नर घरी स्वतःचा जुना लेथ टाकतो आणि भातगिरणीचे शाफ्ट, पंपाचे बुश, ट्रॅक्टरच्या पिना अशी आसपासची कामे घेतो. हे वर्कशॉप छोटे असले तरी बेअरिंग काही त्याच्यासाठी सूट देत नाही. ६२०८ बेअरिंगची ४० मि.मी.ची सीट के-६ बसवणीत काढायची, तर वरची आणि खालची मर्यादा यांत १६ मायक्रॉनचे अंतर असते. लेथ १०० मि.मी. लांबीवर ०.०२ मि.मी. टेपर देत असेल, तर तेवढ्या अंतरावरच्या दोन सीटांपैकी एकच नीट बसेल. मग दोष टूलला, चकला, नाहीतर जुन्या बेडला दिला जातो. खाली वाकून पायांकडे कोणी पाहत नाही.

आमचे म्हणणे एवढेच की जमीन आणि स्टँड हे लेथचेच भाग आहेत, आणि नव्या चकवर किंवा क्विक-चेंज टूलपोस्टवर पैसे घालण्याआधी ते जमिनीवर आणि स्टँडवर घालावेत.

लेव्हलविषयीचा गैरसमज आधी दूर करू. लेथ समपातळीत असलाच पाहिजे असे नाही. नौदलाच्या जहाजांवरच्या वर्कशॉपमध्ये लेथ लाटांबरोबर डुलत असतात आणि तरी सरळ काम देतात. गरज असते ती बेडमध्ये पीळ नसण्याची. हेडस्टॉकपाशी बेड आडव्या दिशेने जितका कललेला, तितकाच टेलस्टॉकपाशी कललेला असला की झाले. बुडबुडा मधोमध आणणे ही केवळ मोजण्याची सोय. बर्लिनच्या गेओर्ग श्लेसिंगर यांनी १९२७ साली मशीन टूल्सच्या तपासणीवर जे पुस्तक लिहिले, त्यावरूनच पुढे जगभरचे तपासणी तक्ते तयार झाले. त्या तक्त्यांतही लेथची तपासणी बेडपासूनच सुरू होते. कारण बेड पिळलेला असेल तर पुढचे सगळे आकडे फसवे.

पीळ किती, याचा हिशेब सोपा आहे. सेंटर हाइट १६० मि.मी. धरा. मशीन लेव्हलची एक रेघ म्हणजे मीटरला ०.०२ मि.मी. दोन्ही टोकांत एका रेघेचा फरक असला, तर टूल अक्षापासून ३ मायक्रॉन सरकते आणि व्यासात ६ मायक्रॉनचा फरक पडतो. ते चालेल. पण पुढच्या आणि मागच्या पायांत ३०० मि.मी. अंतर असताना एका पायाखाली ०.१ मि.मी. कमी पडले, तर हिशेबाने व्यासात तितकाच, ०.१ मि.मी.चा, फरक येतो. बेड आणि स्टँड त्यातला काही भाग पोटात घालतात म्हणून प्रत्यक्षात थोडा कमी दिसतो. ०.१ मि.मी. म्हणजे वहीचे एक पान! खाटेचा पाय आखूड असला तर खाट डुगडुगते आणि लगेच कळते. लेथ डुगडुगत नाही. तो आपल्या वजनाने आणि आवळलेल्या बोल्टांनी चारही पाय टेकवतो आणि तेवढा पिळतो. उंचसखल फरशीवर चार अँकर बोल्ट ठोकून पान्याला पाइप लावून आवळणे, हा घरगुती वर्कशॉपमधला सर्वांत मोठा गुन्हा आहे. मशीन घट्ट बसल्याचे समाधान मिळते आणि बेड कायमचा पिळात राहतो.

आता जमीन. घर उतारावर असेल तर आधी खोदलेली बाजू कोणती आणि भरावाची कोणती ते वडीलधाऱ्यांना विचारा, आणि अख्खा लेथ खोदलेल्या बाजूला घ्या. उजेड कमी मिळाला तरी चालेल, दिवा लावता येतो. भोरजवळचे भाटघरचे दगडी धरण ज्या काळ्या कातळावर उभे आहे, तोच इथे हातभर खाली लागतो. पाया म्हणून त्याच्यापेक्षा चांगले काय मागणार? मुरुमावर नुसती अंथरलेली शहाबादी फरशी मात्र भरवशाची नाही. हातोडीने हलके वाजवून पाहा. जिथे पोकळ वाजेल तिथे लेथचा पाय नको. तेवढ्या जागेतली फरशी काढून कठीण मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत खोदा आणि पूर्ण लेथखाली एकसंध स्लॅब टाका. दोन टोकांना दोन वेगळे ठोकळे टाकू नका, ते वेगवेगळे खचतात. दीडशे मि.मी. जाडी, १० मि.मी.च्या सळ्यांची दोन्ही दिशांनी जाळी आणि १:१.५:३ काँक्रीट घरगुती लेथला पुष्कळ झाले. निदान सात दिवस पाणी मारा, आणि शेवटची लेव्हल २८ दिवसांनंतर घ्या. भिंत आणि स्लॅब यांत थर्मोकोलची पट्टी सोडा. खोऱ्यात उतरल्यावर काळी माती लागली तर अधिक खोल जावे लागते, कारण ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते.

स्टँडबद्दल मतभेद आहेत, पण आम्ही आमचे मत मांडतो. अँगलचा स्टँड वेल्डिंगमध्ये ओढला जातोच. वरच्या दोन बैठका वेल्डिंगनंतर एका सेटिंगमध्ये मशीन करून घेता आल्या तर उत्तम. पत्र्याच्या हलक्या स्टँडचे तंत्र वेगळे आहे. त्याच्या खालच्या पायांचे बोल्ट फिरवले की नुसता स्टँड पिळतो, बेडपर्यंत फारसे काही पोहोचत नाही. म्हणून तिथे जुळणी स्टँड आणि बेड यांच्यामध्ये करावी, पितळी किंवा पोलादी शिमने. लाकडाची पाचर आणि पुठ्ठा नको; वेल्ह्याच्या आषाढात लाकूड फुगते, पुठ्ठ्याचा लगदा होतो. रबरी पॅडविषयीही सांगायला हवे. जाड, जड बेडच्या मशीनला ते ठीक आहेत. हलका बेड सरळ करायला त्याला खालून थोडा जोर लावावा लागतो, आणि रबर तो जोर धरत नाही.

लेव्हल गवंड्याची चालत नाही, मीटरमागे अर्ध्या मिलिमीटरच्या आतला फरक ती दाखवतच नाही. मशीन लेव्हल नवी महाग पडते, पण पुण्याच्या जुन्या बाजारात थोडी बिघडलेली मिळाली तरी घ्या. आपल्याला दोन टोकांतला फरक हवा आहे, त्यामुळे लेव्हल मुळात चुकत असली तरी ती उलटी न फिरवता दोन्हीकडे त्याच दिशेने ठेवली की काम भागते. आधी सगळे बोल्ट सैल करा, लेथ मोकळा बसू द्या, पायांखालच्या फटी फीलर गेजने पाहून भरा. मग हेडस्टॉकपाशी बुडबुड्याची जागा टिपून घ्या आणि टेलस्टॉककडचे बोल्ट फिरवत तिथेही तोच आकडा आणा. आवळताना बुडबुडा हलला तर खाली अजून फट आहे. जुन्या लेथवर सॅडलचे मार्ग चकजवळ झिजलेले असतात. म्हणून लेव्हल टेलस्टॉकच्या मार्गांवर पॅरलल ठेवून त्यावर घ्या. पत्र्याच्या शेडमध्ये हे काम सकाळीच उरका, दुपारी एका अंगाने तापलेला बेड वेगळेच सांगतो.

शेवटचा शब्द मात्र कापाचा. ४० मि.मी.चा बार चकमधून १५० मि.मी. बाहेर काढा, टेलस्टॉक लावू नका, दोन टोकांना दोन कॉलर ठेवून मधला भाग बारीक करा. धारदार टूलने दोन्ही कॉलरवरून एकाच सेटिंगमध्ये हलका काप घ्या आणि मोजा. चकपासून दूरची कॉलर मोठी आली, तर टेलस्टॉककडचा पुढचा, म्हणजे आपल्या बाजूचा, पाय किंचित उचला. लहान आली तर किंचित उतरवा. लेव्हल नसेल त्याने केवळ या कापावर लेथ बसवला तरी हरकत नाही. टेपर घालवण्यासाठी टेलस्टॉक सरकवणे ही मात्र पळवाट आहे. सेंटरवरच्या कामात दोष झाकला जाईल, चकमधल्या कामात तो तसाच राहील.

हे एकदाच करून भागत नाही. पावसाळाभर जमीन पाणी पिते, मग सुकते, आणि लेथचे पाय तिच्याबरोबर हलतात. खंडेनवमीला आपण लेथ बंद ठेवतो, बेड घासून पुसतो, झेंडू वाहतो. वर्षभरात बेड इतका स्वच्छ आणि मोकळा क्वचितच मिळतो. तेव्हा यंदा पूजेआधी दोन्ही टोकांना लेव्हल ठेवा, आकडे तारखेसह हेडस्टॉकच्या झाकणाच्या आत खडूने लिहून ठेवा, आणि पुढच्या खंडेनवमीला त्यांच्याशी ताडून पाहा.