‘जात होतो’ म्हणजे नेहमीच ‘वॉज गोइंग’ का?



आमचं बिऱ्हाड समथरला आलं, तेव्हाची गोष्ट. समथर हे उत्तर प्रदेशातल्या झाशी जिल्ह्यातलं गाव. एकेकाळी हे छोटंसं संस्थान होतं, त्याचा जुना किल्ला अजून गावात उभा आहे. आमच्या गल्लीत मराठी बोलणारं दुसरं घर नाही. शेजारच्या चाचींशी ओळख वाढवावी म्हणून मी हिंदीत सांगितलं, “मेरे ससुर झाँसी में रेलवे में नौकरी कर रहे थे.”

चाचींचा चेहरा एकदम उतरला. त्या म्हणाल्या, “फिर? क्या हो गया उनको?”

काहीच झालं नव्हतं! सासरे पूर्ण नोकरी करून, पेढे वाटून निवृत्त झाले होते. चूक माझी होती. मनात मराठी वाक्य होतं, ‘नोकरी करत होते’. ते मी तसंच्या तसं हिंदीत उतरवलं. हिंदीत तिथे ‘नौकरी करते थे’ हवं होतं. ‘कर रहे थे’ ऐकल्यावर चाचींना वाटलं, काम चालू असताना मध्येच काहीतरी आक्रीत घडलं.

तेव्हा हसून सोडून दिलं. पण थोड्याच दिवसांनी भाचीने नोकरीचा अर्ज तपासायला पाठवला. दुसऱ्या दिवशी मुलाखत होती. अर्जात इंग्रजीत लिहिलं होतं, ‘आय वॉज टीचिंग इन अ स्कूल फॉर टू इयर्स. आय वॉज टेकिंग एक्स्ट्रा क्लासेस. आय वॉज मेकिंग क्वेश्चन पेपर्स.’ वाचताना मला चाचींचा प्रश्न आठवला, “फिर? क्या हो गया?” पोरीने दोन वर्षं मन लावून काम केलं होतं, पण तिच्या वाक्यांमुळे सगळं काम अर्ध्यावर टाकल्यासारखं दिसत होतं.

म्हणून आज आपण साधा भूतकाळ आणि चालू भूतकाळ यांतला फरक नीट समजून घेऊ. शाळकरी मुलांनाही हा उपयोगी पडेल आणि अर्ज लिहिणाऱ्या मोठ्यांनाही.

गोंधळ नेमका कुठे होतो?

शाळेत आपण पाठ केलेलं असतं : ‘गेलो’ म्हणजे ‘वेन्ट’ आणि ‘जात होतो’ म्हणजे ‘वॉज गोइंग’. पहिली जोडी बहुतेक वेळा बरोबर असते. दुसरी मात्र निम्म्या वेळा फसवते, कारण मराठीतलं ‘जात होतो’ एकटं दोन कामं करतं. ही दोन वाक्यं बघा :

१. मी बाजारात जात होतो, तेवढ्यात पाऊस आला.

२. लहानपणी मी रोज चालत शाळेत जात होतो.

दोन्हीकडे शब्द तेच आहेत. पण पहिल्या वाक्यात एकच फेरी आहे, आणि ती चालू असताना पाऊस आला. दुसऱ्या वाक्यात शेकडो फेऱ्या आहेत, ती रोजची सवय आहे. मराठी कानाला दोन्ही सारखीच गोड लागतात. इंग्रजी मात्र दोघांना वेगळ्या खुर्च्या देतं.

पहिलं वाक्य : ‘आय वॉज गोइंग टु द मार्केट व्हेन इट स्टार्टेड रेनिंग.’

दुसरं वाक्य : ‘आय वेन्ट टु स्कूल ऑन फुट एव्हरी डे’ किंवा ‘आय यूज्ड टु गो टु स्कूल ऑन फुट.’

पहिली युक्ती : ‘जायचो’ बसतं का बघा

‘जात होतो’च्या जागी ‘जायचो’ किंवा ‘जात असे’ घालून वाक्य म्हणून बघा. ‘लहानपणी मी रोज चालत शाळेत जायचो.’ छान बसलं! म्हणजे ही सवय आहे, इथे ‘वॉज गोइंग’ नको. आता ‘मी बाजारात जायचो, तेवढ्यात पाऊस आला.’ नाही बसत! म्हणजे काम चालू होतं, इथे ‘वॉज गोइंग’च हवं.

दुसरी युक्ती : हिंदीला विचारा

चाचींकडून मला मिळालेली ही देणगी. आपल्यापैकी बहुतेकांना थोडीफार हिंदी येतेच. हिंदीने ही दोन कामं आधीच वेगळी केली आहेत. सवयीसाठी ‘जाता था’ आणि चालू कामासाठी ‘जा रहा था’. मराठी वाक्य मनातल्या मनात हिंदीत म्हणा. ‘रहा था, रही थी, रहे थे’ आलं, तर इंग्रजीत चालू भूतकाळ. नुसतं ‘जाता था, करती थी’ आलं, तर साधा भूतकाळ किंवा ‘यूज्ड टु’.

‘सासरे रेल्वेत नोकरी करत होते’ म्हणजे ‘नौकरी करते थे’. म्हणून इंग्रजीत ‘ही वर्क्ड इन द रेल्वेज.’

‘दिवे गेले तेव्हा मी पोळ्या लाटत होते’ म्हणजे ‘बेल रही थी’. म्हणून ‘आय वॉज रोलिंग चपातीज व्हेन द लाइट्स वेन्ट आउट.’

एक गोष्ट इथे लक्षात ठेवा. काम किती वर्षं केलं, किती वेळा केलं, हे सांगून हिशोब पूर्ण करायचा असेल, तर ‘यूज्ड टु’सुद्धा नको, सरळ साधा भूतकाळ घ्यावा. भाचीचं वाक्य झालं ‘आय टॉट इन अ स्कूल फॉर टू इयर्स.’ पुढची दोनही तशीच बदलली : ‘आय टुक एक्स्ट्रा क्लासेस. आय मेड क्वेश्चन पेपर्स.’ बघा, वाक्यं आखूड झाली आणि काम पुरं झाल्यासारखं दिसू लागलं.

माहीत असणं आणि जवळ असणं

‘मला त्याचं नाव माहीत होतं’ याचं ‘आय वॉज नोइंग हिज नेम’ करू नका. माहीत असणं ही कृती नाही, ती स्थिती आहे. ती हळूहळू चालू नसते, एक तर असते किंवा नसते. हिंदीतही ‘मालूम था’ असंच म्हणतात, तिथे ‘रहा’ येत नाही. म्हणून ‘आय न्यू हिज नेम.’ आवडणं, हवं असणं, विश्वास असणं, समजणं, मालकीचं असणं, ही सगळी याच घरातली क्रियापदं.

‘माझ्याकडे सायकल होती’ याचंही ‘आय वॉज हॅविंग अ सायकल’ होत नाही, ‘आय हॅड अ सायकल’ होतं. मात्र ‘हॅव’चा अर्थ खाणं-पिणं असेल, तर ती कृती झाली. ‘पाहुणे आले तेव्हा आम्ही चहा पीत होतो’ याला ‘वी वेअर हॅविंग टी’ अगदी योग्य.

जिथे दोन्ही युक्त्या चुकतात

प्रामाणिकपणे सांगायचं, तर एका ठिकाणी या युक्त्या हात टेकतात. ‘आजोबा खाटेवर बसले होते.’ हिंदीत ‘बैठे थे’. ‘रहे’ नाही, म्हणून तुम्ही ‘ही सॅट’ म्हणाल. पण त्याने बहुतेक वेळा ‘ते बसले’, म्हणजे उभे होते ते खाली बसले, असा अर्थ होतो. ‘बसलेल्या स्थितीत होते’ असं सांगायला इंग्रजीत ‘ही वॉज सिटिंग ऑन द कॉट’ लागतं.

तसंच ‘बाळ झोपलं होतं’ म्हणजे ‘द बेबी वॉज स्लीपिंग’. ‘ती दारात उभी होती’ म्हणजे ‘शी वॉज स्टँडिंग ॲट द डोअर’. ‘आईने हिरवी साडी नेसली होती’ म्हणजे ‘मदर वॉज वेअरिंग अ ग्रीन सारी’. बसणं, उभं राहणं, झोपणं, नेसणं किंवा घालणं, हातात धरणं, एवढी पाच लक्षात ठेवली की पुष्कळ काम भागतं.

एका शब्दाने इतिहास बदलतो

फरक एवढा मनावर का घ्यायचा, ते झाशीच्याच उदाहरणावरून बघू. १८५८च्या मार्चमध्ये ह्यू रोझच्या इंग्रज फौजेने झाशीला वेढा घातला. तो चालू असताना तात्या टोपे सैन्य घेऊन राणी लक्ष्मीबाईंच्या मदतीला आले. १ एप्रिलला बेतवा नदीकाठी लढाई झाली आणि तात्यांना माघार घ्यावी लागली. ३ एप्रिलला इंग्रज शहरात घुसले.

आता एक वाक्य इंग्रजीत लिहू : ‘व्हेन तात्या टोपे केम, द ब्रिटिश वेअर बिसीजिंग झाशी.’ म्हणजे वेढा आधीपासून चालू होता आणि तात्या मदतीला आले. बरोबर!

कुणी घाईत लिहिलं, ‘व्हेन तात्या टोपे केम, द ब्रिटिश बिसीज्ड झाशी.’ आता अर्थ असा निघतो, की तात्या आले आणि मग इंग्रजांनी वेढा घातला. जणू तात्यांमुळेच वेढा पडला! मदतीला धावून आलेला माणूस एका शब्दाच्या रूपाने संकट आणणारा ठरला.

कोकणातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे त्या दिवसांत झाशी शहरातच होते. त्यांचं ‘माझा प्रवास’ हे पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध झालं. त्यांच्याबद्दल इंग्रजीत लिहायचं, तर ‘गोडसे भटजी वॉज स्टेइंग इन झाशी व्हेन द ब्रिटिश अटॅक्ड’. मुक्काम चालू होता, हल्ला मध्येच झाला. पण एकामागून एक घडलेल्या घटना सांगताना मात्र सगळीकडे साधा भूतकाळ : ‘तात्या केम. ही फॉट. ही लॉस्ट. द ब्रिटिश एन्टर्ड द सिटी.’

थोडक्यात, नाटक डोळ्यांपुढे आणा. मागच्या पडद्यावर जे आधीपासून चालू आहे, त्याला चालू भूतकाळ. रंगमंचावर येऊन जे घडतं, त्याला साधा भूतकाळ.

आता तुमची पाळी

ही वाक्यं इंग्रजीत करून बघा. मुलांना सोबत घ्या, मजा येईल.

१. आजी दर उन्हाळ्यात कुरडया करत होती.

२. फोन वाजला तेव्हा मी अंघोळ करत होतो.

३. मला तुझा पत्ता माहीत नव्हता.

४. मांजर खिडकीत बसलं होतं.

५. बाबांनी पाच वर्षं दुकान चालवलं.

उत्तरं

१. ‘ग्रँडमदर यूज्ड टु मेक कुरडया एव्हरी समर.’ इथे ‘करायची’ बसतं, म्हणून सवय.

२. ‘आय वॉज टेकिंग अ बाथ व्हेन द फोन रँग.’

३. ‘आय डिड नॉट नो युअर ॲड्रेस.’

४. ‘द कॅट वॉज सिटिंग इन द विंडो.’

५. ‘फादर रॅन अ शॉप फॉर फाइव्ह इयर्स.’ वर्षं मोजली, म्हणून साधा भूतकाळ.

पाचही बरोबर आली तर स्वतःची पाठ थोपटून घ्या. एखाददुसरं चुकलं तरी हरकत नाही, ‘जायचो’ची युक्ती पुन्हा लावून बघा.

आणि हो, भाचीने रात्री बसून अर्जातली सगळी वाक्यं स्वतः बदलली. सकाळी मुलाखतीला निघताना तिचा निरोप आला, “मावशी, आता मला कुणी ‘फिर क्या हो गया’ विचारणार नाही!” चाचींना मी ही हकिगत सांगितली, तर त्या खूप हसल्या. या वेळी मी ‘नौकरी करती थी’ म्हणायला विसरले नाही.

भेटू पुढच्या लेखात. तोपर्यंत इंग्रजी बोलत राहा, चुकत राहा, शिकत राहा!