चार मीटरच्या वर नको : अमरावती-अकोल्याच्या गाडीमालकांना, शेतकऱ्यांना आणि मंडळांना आवाहन

श्रावण सरत आला, पोळा तोंडावर आहे. पाठोपाठ गणपती, मग सोयाबीनची सोंगणी, दसरा आणि कापसाची वेचणी. पुढचे तीन-चार महिने अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या गाड्या दिवसेंदिवस उंच होत जातील. कुणाची ट्रॉली कुटाराने फुगेल, कुणाच्या पिकअपवर डीजेचे थर चढतील, कुणी चिखलदऱ्याच्या पावसाळी सहलीसाठी जीप ‘उचलून’ घेईल. म्हणून ही विनंती आजच करतो आहे. गाडी भरण्याआधी, सजवण्याआधी, गॅरेजात नेण्याआधी तिची उंची मोजा. मालवाहू गाडी माल आणि सजावट धरून जमिनीपासून ४ मीटर, म्हणजे सुमारे १३ फूट. त्यावर एक वीतही नको.

हा आकडा केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ९३ चा आहे. पूर्वी मालवाहू वाहनांसाठी ३.८ मीटरची मर्यादा होती, जून २०२० मध्ये ती ४ मीटर झाली. मोठे आयएसओ कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरना ४.५२ मीटरपर्यंत सूट आहे. पण ती कंटेनरला आहे, कुटाराला किंवा स्पीकरला नाही. रुंदीची मर्यादा २.६ मीटर. माल फाळक्याच्या बाहेर, बाजूला किंवा मागे लोंबता कामा नये, असेही नियम सांगतो. मोडणाऱ्यासाठी २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २० हजार रुपये दंड ठेवला आहे. शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च मालकाचा, आणि तो उतरेपर्यंत गाडी जागची हलत नाही.

पण दंडाची भीती दाखवायला हे लिहिलेले नाही. खरा हिशोब गाडीच्या वरचा आहे, आणि तो आपल्याकडे कुणी मांडत नाही.

वीज सुरक्षेच्या नियमांप्रमाणे रस्ता ओलांडणारी कमी दाबाची तार किमान ५.८ मीटरवर आणि उच्च दाबाची ६.१ मीटरवर हवी. रस्ता सोडून इतर ठिकाणी, म्हणजे शेतातून वगैरे जाणारी ११ हजार व्होल्टपर्यंतची उघडी तार ४.६ मीटरवर असली तरी ती नियमात बसते. आता बेरीज करा. गाडी बरोबर ४ मीटर भरली आणि कुटारावर एक पोरगा बसला, तर त्याचे डोके जाते ४.९ मीटरच्या आसपास. तो उभा राहिला, तर साडेपाच मीटरच्या पुढे. म्हणजे महावितरणने सगळे नियम पाळले, गाडीवाल्यानेही पाळले, तरी शेतातून निघताना वर बसलेला माणूस तारेच्या रेषेत येतो. गाडी साडेचार मीटर भरली, तर माल आणि तार यांत चार बोटांचे अंतर उरते. धुऱ्याचा एक उंचवटा किंवा चाकाखालचे एक ढेकूळ ते संपवायला पुरेसे आहे.

त्यात तारा नेहमी नियमाइतक्या उंच असतात, असे समजू नका. उन्हाळ्यात तार तापून लोंबते. खांब कलतात. आणखी एक गोष्ट आपल्या लक्षातच येत नाही : गावात जुन्या डांबरी रस्त्यावर सिमेंटचा रस्ता होतो, कधी मुरूम टाकून पांदण रस्ता उंच होतो. रस्ता फूटभर वर येतो आणि तार होती तिथेच राहते. गेल्या वर्षी जी गाडी जेमतेम निघाली, ती यंदा तिथेच अडकेल. म्हणून “आतापर्यंत झालं का काई?” हा आपला ठरलेला सवाल बाजूला ठेवा. आतापर्यंत झाले नाही, कारण आतापर्यंत अंतर होते.

शेतकरी आणि माल वाहणाऱ्या भावांनो, तुमची अडचण खोटी नाही. कुटार वजनाला हलके आणि आकाराला मोठे. गाडी गच्च भरल्याशिवाय भाडे परवडत नाही. सरकीसकट कापसाचेही तेच. म्हणून फाळक्यांना बल्ल्या बांधून, जाळी लावून ढीग वर चढवला जातो. पण अकोट, दर्यापूर, अंजनगावच्या रस्त्यांवर असा ढिगारा समोरून आला की दुचाकीवाल्याला रस्ताच उरत नाही. मागच्याला गाडीचे दिवे दिसत नाहीत आणि चालकाला आरशात मागचे काही दिसत नाही. वर, वजन उंचावर गेल्याने वळणावर गाडी कलंडते. दोन फेऱ्यांचा माल एका फेरीत नेल्याने वाचलेले डिझेल कलंडलेल्या एका गाडीची किंमत भरून काढत नाही. वाहतूकदार ऐकत नसेल, तर भाडे ठरवतानाच अट घाला : माल ४ मीटरच्या आत, ताडपत्री आवळून आणि मालावर एकही माणूस नाही. वाहनाच्या टपावर किंवा बॉडीबाहेर माणूस बसवणे कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे गुन्हाच आहे. मजुरांसाठी दुसरी गाडी करा.

मंडळांच्या कार्यकर्त्यांनो, तुमच्याशी जरा जास्त बोलायचे आहे. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन राजराजेश्वराला निघणारी कावड ही अकोल्याची शान आहे. अमरावतीतल्या मिरवणुकाही तशाच दणक्यात निघतात. उत्साह कमी करा, असे कुणी म्हणत नाही. पण ट्रकवर लोखंडी सांगाडा, त्यावर स्पीकरचे थर, त्यावर दिव्यांची कमान आणि तिच्यावर झेंड्याची काठी असा डोलारा गल्लीत शिरतो, तेव्हा एक पोरगा बांबू घेऊन वर उभा असतो. तारा वर ढकलून गाडी पुढे काढणे हे त्याचे काम. ओला बांबू किंवा पावसाने भिजलेली काठी वीज अडवत नाही. उच्च दाबाच्या तारेला तर हात लागायचीही गरज नसते. पुरेसे जवळ गेले की ठिणगी अंतर तोडते.

याचे परिणाम देशाने वारंवार पाहिले आहेत. २७ एप्रिल २०२२ रोजी तमिळनाडूत तंजावरजवळच्या कलिमेडू गावात देवाचा रथ उच्च दाबाच्या तारेला लागला आणि ११ जण गेले. एप्रिल २०२३ मध्ये आपल्या विरारला कारगिलनगरात मिरवणुकीच्या गाडीवरचा लोखंडी रॉड ट्रान्सफॉर्मरला लागून दोघांचा जीव गेला. त्याच वर्षी जूनमध्ये त्रिपुरातल्या कुमारघाटला लोखंडी रथ आणि जुलैमध्ये झारखंडच्या बोकारो जिल्ह्यात मोहरमचा ताजिया तारेला टेकला. ऑगस्ट २०२४ मध्ये बिहारच्या हाजीपूरजवळ कावडियांची डीजे गाडी ११ हजार व्होल्टच्या तारेला लागून किमान आठ जण गेले. रथ असो, ताजिया असो की जयंतीची मिरवणूक, कारण प्रत्येक वेळी एकच होते : वाहनावरची वस्तू तारेपर्यंत पोहोचली.

म्हणून मंडळांनी तीन गोष्टी कराव्यात. मिरवणुकीच्या चार दिवस आधी लाइनमनला सोबत घेऊन संपूर्ण मार्ग पायी फिरावे आणि कमी उंचीच्या तारा लिहून घ्याव्यात. सजावट सर्वांत कमी उंचीच्या तारेच्या हिशोबाने ठरवावी, नंतर तारा उचलायची वेळ येऊ देऊ नये. आणि गाडीच्या छतावर किंवा सांगाड्यावर एकही पोरगा चढणार नाही, ही जबाबदारी अध्यक्षाने स्वतः घ्यावी.

आता ‘उचललेल्या’ गाड्यांकडे येऊ. जीपला जाड स्प्रिंग, स्पेसर आणि मोठे टायर, पिकअपला कमानीचे जादा पाटे, ट्रकला वाढवलेली बॉडी. ही हौस परतवाड्यापासून अकोल्यापर्यंत पसरली आहे. इथे ४ मीटरचा प्रश्न क्वचित येतो. इथे लागू होते कलम ५२ : कंपनीने बनवताना नोंदवलेला आणि आरसीत असलेला तपशील बदलेल, असा फेरफार मालकाला करता येत नाही. सीएनजी किटसारख्या मोजक्या बदलांना परवानगीने वाट आहे. केरळमधल्या एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका ठामपणे मांडली. कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलासाठी ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. फेरफार न कळवता ठेवला, तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करायला मोकळी होते.

आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी गणित सुटत नाही. समजा जीपच्या दोन चाकांतले अंतर दीड मीटर आणि गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७५ सेंटीमीटरवर. गाडी १० सेंटीमीटर उचलली, तर न उलटण्याची तिची ताकद सुमारे १२ टक्क्यांनी घटते. कंपनीने ब्रेक, स्टिअरिंग आणि शॉकअप मूळ उंचीला बसवलेले असतात. टायरचा व्यास १० टक्के वाढवला आणि बाकी काही बदलले नाही, तर काट्यावर ८० दिसताना गाडी ८८ च्या आसपास धावते. उंच दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. बोनेटच्या पुढे उभे असलेले लहान मूल चालकाला दिसत नाही. धडक झालीच, तर उंच बंपर दुसऱ्या कारच्या बंपरला भेटत नाही, थेट काचेकडे जातो. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढणारी वळणे आणि सेमाडोहकडचे जंगलातले रस्ते अशा गाडीसाठी सर्वांत वाईट जागा. लोणी-मूर्तिजापूरमार्गे अमरावती-अकोला महामार्ग आता गुळगुळीत झाला आहे. २०२२ च्या जूनमध्ये सलग ७५ किलोमीटर डांबरीकरणाचा विक्रम याच रस्त्यावर झाला. तिथे वेग आपोआप वाढतो, आणि उचललेली गाडी वेगातच उलटते.

ज्या अमेरिकेचे व्हिडिओ पाहून ही हौस इकडे आली, तिथल्या राज्यांनीही उंचीला लगाम घातला आहे. उत्तर कॅरोलायना राज्यात १ डिसेंबर २०२१ पासून गाडीचा पुढचा भाग मागच्यापेक्षा ४ इंच किंवा अधिक उंच ठेवून सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही.

गॅरेजवाल्या आणि बॉडी बांधणाऱ्या भावांनो, गिऱ्हाईक मागते म्हणून करून देतो, हे उत्तर अपघातानंतर पोलीस ठाण्यात चालत नाही. कामाला हात लावण्याआधी आरसी पाहा. नोंदीत नसलेली उंची असेल, तर नाही म्हणा.

रेल्वे फाटकांविषयी वेगळे सांगायला हवे. अकोला, मूर्तिजापूर, बडनेऱ्यावरून जाणाऱ्या मुख्य लोहमार्गावरची तार २५ हजार व्होल्टची आहे. फाटकाच्या दोन्ही बाजूंना उभी केलेली लोखंडी कमान तेवढ्यासाठीच आहे. माल कमानीला घासतो आहे असे वाटले, तर दाबून, वाकवून, तिरके करून गाडी काढू नका. परत फिरा.

प्रशासनाकडेही मागणी आहे. परिवहन कार्यालयांच्या वायुवेग पथकांनी हंगामात जिनिंगच्या आणि बाजार समित्यांच्या वाटांवर मोजपट्टी घेऊन उभे राहावे आणि पावती फाडून गाडी तशीच पुढे सोडू नये, माल उतरवून घ्यावा. महावितरणने गणपतीआधी मिरवणुकीचे मार्ग आणि दसऱ्याआधी पांदण रस्ते तपासून लोंबत्या तारा ओढाव्यात. जिल्हा परिषद आणि सार्वजनिक बांधकाम विभागाने रस्ता उंच करताना वरच्या तारांची उंची मोजल्याशिवाय काम पूर्ण झाल्याचा दाखला देऊ नये. पोलिसांनी मिरवणुकीच्या परवानगीत वाहनाच्या उंचीची अट लिहावी आणि निघण्याआधी ती मोजावी.

इतके करूनही गाडी तारेला लागलीच, तर हे लक्षात ठेवा आणि घरातल्या प्रत्येकाला सांगा :

चालकाने केबिनमध्येच बसून राहावे. शक्य असेल तर गाडी तारेपासून मागे घ्यावी.

आग लागली तरच बाहेर पडावे. तेव्हा दोन्ही पाय जुळवून उडी मारावी. एक हात गाडीवर आणि पाय जमिनीवर, असे कधीच नको. मग पाय न फाकवता, जुळवूनच छोट्या उड्या घेत किमान १० मीटर दूर जावे.

बाहेरच्यांनी गाडीला, तिच्यावरच्या माणसाला किंवा खाली पडलेल्या तारेला हात लावू नये. वाचवायला धावणाराच अनेकदा दुसरा बळी ठरतो.

महावितरणला १९१२ वर, पोलिसांना ११२ वर आणि रुग्णवाहिकेला १०८ वर फोन करा. रेल्वेच्या तारेचा प्रश्न असेल, तर आधी फाटकावरच्या गेटमनला सांगा. वीज बंद झाल्याची खात्री झाल्याशिवाय कुणीही पुढे जाऊ नये.

एक काम आजच होण्यासारखे आहे. ग्रामपंचायतीने, जिनिंगने, बाजार समितीने आणि प्रत्येक मंडळाने तारांपासून दूर, मोकळ्या जागी दोन लाकडी बल्ल्या रोवून ४ मीटरवर आडवी दोरी बांधावी. भरलेली किंवा सजवलेली गाडी तिच्याखालून जाईल, तरच ती रस्त्यावर निघेल, असा ठराव करावा. खर्च दोन बल्ल्यांचा आणि एका दोरीचा. दोरीला लागली तर पोते उतरवा, स्पीकर कमी करा, दुसरी फेरी मारा. तारेला लागल्यावर यातले काहीच करता येणार नाही.

हे आवाहन वाचून झाले की पुढे पाठवा. ज्याची गाडी उद्या भरणार आहे, त्याला आधी.